एक्सएमएलचा साचा बदलताना या चुका टाळा

जळगावात व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिताना एक चूक मी फार वेळा पाहिली. नवीन मुलाला सी शार्प भाषेत डेटा एक्सएमएलमध्ये (टॅग नावाच्या खुणांमध्ये माहिती ठेवणारी मजकुराची फाइल) लिहिताना टॅगचं नाव बदलायचं असतं आणि तो थेट 'आयएक्सएमएलसिरियलायझेबल'ला, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा सगळा कोड स्वतः लिहायला लावणाऱ्या इंटरफेसला, हात घालतो. भाऊ, फील्डवर लावायच्या तयार खुणा आहेत: नाव बदलायला 'एक्सएमएलएलिमेंट' आहे, फील्ड वगळायला 'एक्सएमएलइग्नोर' आहे. माझी बहुतेक कामं तेवढ्यावरच निघतात.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं काम करताना मीही हीच घाई केली होती. दिवसभराच्या काटापावत्यांची फाइल नीट तयार व्हायची, पण परत वाचली की यादीत एकच पावती. एरर नाही, काही नाही. दोन रात्री डेटाबेस तपासण्यात गेल्या. दोष निघाला 'रीडएक्सएमएल'मध्ये, म्हणजे या इंटरफेसच्या वाचणाऱ्या मेथडमध्ये. आतला मजकूर वाचून आमचा कोड पावतीच्या बंद होणाऱ्या टॅगवरच थांबत होता. सिरियलायझरने (ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचा पुन्हा ऑब्जेक्ट करणारा तयार भाग) तो यादीचा शेवट धरला आणि पुढच्या पावत्या अनोळखी समजून सोडून दिल्या. त्या वजनांवर शेतकऱ्यांचे पैसे ठरणार होते. छापील पावत्यांशी ताळा करून पाहिला म्हणून वाचलो.

घोळ होतो तो इथे: लिहिताना बाहेरचा टॅग सिरियलायझर स्वतः टाकतो, म्हणून 'राइटएक्सएमएल'मध्ये तो पुन्हा टाकायचा नाही. वाचताना मात्र तो टॅग उघडून, ओलांडून पुढे जाणं आपल्याच अंगावर असतं. शिवाय टॅग रिकामा असेल तर त्याला वेगळा बंद टॅग नसतो, म्हणून 'इझएम्प्टीएलिमेंट' आधीच बघून ठेवा. मी कोडच्या आधी चाचणी लिहितो: यादीत तीन वस्तू, मधली रिकामी. एकाच वस्तूवर चाचणी केली तर ही चूक दिसतच नाही, आणि घाईतली मुलं नेमकी एकाच वस्तूवर करतात.

दुसरी चूक सर्व्हर बंद पाडते. 'एक्सएमएलअ‍ॅट्रिब्यूटओव्हरराइड्स' (वरच्या खुणा कोडमधून बदलायची सोय) देऊन लूपमध्ये दर वेळी नवा सिरियलायझर बनवला की दर वेळी नवी असेंब्ली (तयार कोडचा गठ्ठा) तयार होते आणि मेमरीत साठत जाते. नुसता टाइप, किंवा टाइप आणि नेमस्पेस दिला तरच ती आपोआप पुन्हा वापरली जाते. मी असा सिरियलायझर एकदाच बनवून स्टॅटिक ठेवतो.

'राइटएक्सएमएल'मध्ये साधं 'टूस्ट्रिंग' नको. बुलियनचं (हो-नाही मूल्याचं) मोठ्या टीचं 'ट्रू' होतं आणि समोरचा प्रोग्राम ते नाकारतो. 'एक्सएमएलकन्व्हर्ट' वापरा.

डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) एक्सएमएलमध्ये थेट जात नाही, तिची यादी करा.

'स्ट्रिंगरायटर' (मजकूर मेमरीत लिहिणारा क्लास) वापरला की फाइलच्या वरच्या ओळीत अक्षरांचं एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-१६ लिहिलं जातं. तोच मजकूर यूटीएफ-८ म्हणून साठवला की वाचणारा प्रोग्राम पहिल्याच ओळीवर अडू शकतो. मी सरळ स्ट्रीमवर लिहितो. 'यावल', 'रावेर' अशी मराठी नावं अक्षर न अक्षर नीट येतात.