पायथॉनमधलं मॉड्युलचं लांबलचक नाव आखूड करायचंय? हे बघ

कोल्हापुरात रिक्षावाल्याला कोण 'छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात सोडा' म्हणतंय सांग, सीपीआर म्हटलं की रिक्षा बरोबर दारात. कागदावर नाव पूर्णच, तोंडात आखूड. पायथॉनमधलं ॲज (as) हेच करतंय, मॉड्युलला म्हणजे कोडच्या फाइलीला आखूड टोपणनाव देतंय.

सध्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीची स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडलीय, आधीच्या पोरानं फोल्डरात फोल्डर करून दर ओळीला फाउंड्री.रिपोर्ट्स.कास्टिंग_वजन_हिशोब.एकूण असं लिहून ठेवलंय, वाचता वाचता धाप लागती. फाइलीत वर एकदाच लिहायचं, इम्पोर्ट फाउंड्री.रिपोर्ट्स.कास्टिंग_वजन_हिशोब ॲज हिशोब (टाइप अर्थात इंग्लिशमध्ये), मग खाली नुसतं हिशोब.एकूण. मॉड्युलची दुसरी कॉपी वगैरे होत नाही, सिस.मॉड्युल्समध्ये (इम्पोर्ट झालेल्या मॉड्युलांची पायथॉनची यादी) नोंद पूर्ण नावानंच राहती. फक्त ॲज लावल्यावर त्या फाइलीत जुनं लांब नाव वापरायला गेलास की नेमएरर, म्हणजे 'हे नाव माहीत नाही' अशी तक्रार.

आता आखूड म्हणजे किती आखूड? मी शहाणपणा करून नुसतं डब्ल्यू ठेवलं होतं. खाली लूपमध्ये वजनासाठी परत डब्ल्यूच घेतला, मॉड्युल गेलं आणि त्या जागी आकडा बसला, मग 'फ्लोटला (म्हणजे दशांश आकड्याला) असं ॲट्रिब्यूट नाही' म्हणून एरर, अर्धा दिवस त्यात गेला भावा. तेव्हा नाव वाचून अर्थ लागेल एवढं तरी ठेव. नमपायला एनपी, पांडाजला पीडी (दोन्ही तयार लायब्ररी) हे सगळ्यांच्या हाताला बसलंय, तिथं स्वतःचं डोकं चालवू नको.

एकच फंक्शन लागत असंल तर फ्रॉम लावून तेवढंच आण. स्टार (*, म्हणजे मॉड्युलमधलं सगळंच आणणं) मात्र टाळ. फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार केलंस की रोजच्या फाइल उघडणाऱ्या ओपनवर ओएसचं ओपन येऊन बसतंय, त्याला फ्लॅग (फाइल कशी उघडायची ते सांगणाऱ्या खुणा) लागतात, ते फाइल न देता नुसता डिस्क्रिप्टरचा आकडा (उघडलेल्या फाइलीचा सिस्टिमचा नंबर) देतंय, आणि तू बसतोस फाइलीतच चूक शोधत.

पॅकेज (मॉड्युलांचं फोल्डर) आपलंच असलं तर दुखणं मुळातच काढ की. इनिट फाइलीत (फोल्डरातली __init__.py) ते फंक्शन इम्पोर्ट करून ठेवलंस की बाकीच्यांना थेट फाउंड्री.एकूण मिळतंय. पेप 8 (पायथॉन कोड कसा लिहावा याचे नियम) तर 2001 पासून सांगतंय, मॉड्युलचं नाव आखूड आणि सगळं स्मॉल अक्षरात ठेवा.

आणि फाइलीचंच नाव बदलणार असशील तर जुन्या नावाची एक फाइल राहू दे, आत एकच ओळ, नव्या मॉड्युलमधून इम्पोर्ट स्टार. हां, इथं स्टार चालतंय, पण अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं त्यातनं येत नाहीत, ती हातानं लिही, नाहीतर रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) चालणारी कुठली तरी जुनी स्क्रिप्ट महिनाअखेरीला बोंबलती.