पिल्लाचं खाणं निवडताय? या चुका टाळा

आमच्याकडे लॅब्रेडॉरचं पिल्लू यायच्या आधीच त्याचा संसार येऊन पडला होता. पट्टा, दोन वाडगे, चावायचं खेळणं, कॅल्शियमची बाटली आणि तीन किलोची खाण्याची पिशवी. पिशवीवर सोनेरी अक्षरांत ‘प्रीमियम’ आणि खाली एक रुबाबदार जर्मन शेफर्ड. पंधरा दिवसांनी कळलं, ते खाणं वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं होतं. दुकानदाराने काही लपवलं नव्हतं. पिशवी उलटी करून पाहायची तसदी आम्हीच घेतली नव्हती.

तेव्हापासून ओळखीत कुणाकडे पिल्लू आलं की मला पिशवीचे फोटो येतात. गंमत म्हणजे फोटो नेमका पुढच्या बाजूचा असतो.

पुढची बाजू वाचणं

‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’, ‘गुर्मे’ या शब्दांमागे दर्जाची ठरलेली कुठलीच व्याख्या नाही. कामाचं वाक्य मागे, बारीक अक्षरांत असतं: हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे संपूर्ण आणि संतुलित, आहे का आणि कोणत्या वयासाठी. ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ असेल तर पिल्लाला चालेल. ‘मेंटेनन्स’ असेल तर ते वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं. फरक किती? अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांप्रमाणे, पाण्याचा अंश वगळून, मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, तर पिल्लाच्या खाण्यात २२.५ टक्के. चरबीचं किमान प्रमाण ५.५ वरून ८.५ टक्क्यांवर जातं.

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्यासाठी आणखी एक ओळ शोधा. मोठेपणी ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसाठी हे खाणं योग्य आहे की नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. अशा खाण्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के असते, इतर पिल्लांच्या खाण्यात २.५. हा फरक का, ते पुढे येतंच आहे.

आपल्याकडे मिळणाऱ्या प्रत्येक पिशवीवर ही वाक्यं नसतात. मग कंपनीला सरळ मेल करा: खाण्याचं सूत्र कोण बनवतं, तुमच्याकडे पशुआहारातला शिकलेला माणूस पूर्णवेळ आहे का, एक किलोत किती किलोकॅलरी आणि किती कॅल्शियम आहे? उत्तर आलं नाही, किंवा नुसतं माहितीपत्रक आलं, तर मी ती पिशवी सोडून देते.

‘पहिला घटक चिकन, म्हणजे उत्तम’

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये जवळपास सत्तर टक्के पाणीच असतं. खाण्याचे दाणे वाळले की पहिल्या नंबरचं चिकन बरंच आक्रसतं. उलट ‘चिकन मील’ हे नाव ऐकून लोक नाक मुरडतात, पण ते पाणी आणि बरीचशी चरबी काढून दळलेलं असतं, त्यामुळे त्यात प्रथिनं दाटून असतात. ते चांगलं की सुमार हे कच्च्या मालावर ठरतं, नावावर नाही.

ओल्या पाऊचवर ८ टक्के प्रथिनं आणि कोरड्या पिशवीवर २८ टक्के, असं पाहून पाऊच कमअस्सल ठरवू नका. पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असेल तर उरलेल्या २० मध्ये ८, म्हणजे ४० टक्के झाले. कोरड्यात पाणी १० टक्के धरलं तर २८ चे ३१ होतात. फक्त पाऊचवर ‘कॉम्प्लिमेंटरी’ आहे का ते बघा. तसं असेल तर ते तोंडी लावायला, जेवण म्हणून नाही.

‘ग्रेन-फ्री’, म्हणजे धान्य नसलेल्या खाण्याची हौस असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी खाणी आणि कुत्र्यांमधला हृदयाच्या स्नायूंचा एक आजार यांच्यात संबंध आहे का, याची तपासणी जाहीर केली. धान्यच दोषी, किंवा त्याऐवजी घातलेले वाटाणे-मसूरच दोषी, असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण धान्य बहुतेक पिल्लांना व्यवस्थित पचतं, मग त्यासाठी जास्त पैसे का मोजायचे?

कॅल्शियमची बाटली

सगळ्यात जास्त वाद मी या बाटलीवरून घातलेत. ‘पाय वाकडे होतील’, ‘कान उभे राहणार नाहीत’, ‘हाडपेर धरणार नाही’ या भीतीने पिल्लासोबत बाटली जवळजवळ सक्तीने येते. पिल्लासाठीच्या संपूर्ण खाण्यात लागेल तेवढं कॅल्शियम आधीच असतं. वरून घातलेलं जास्तीचं होतं आणि लहान पिल्लाच्या आतड्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही. मोठा कुत्रा गरजेपुरतं शोषून बाकीचं सोडतो, पण पहिले काही महिने पिल्लू येईल तेवढ्यातलं बरंच आत घेत राहतं. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग झाले. त्यांत जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चांची वाढ बिघडलेली आढळली. म्हणजे वाकड्या पायांच्या भीतीने दिलेली बाटलीच पाय वाकडे करू शकते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर द्या, एरवी कपाटात राहू द्या.

दुधाची गोष्टही याच घरातली. ‘आमचा मोत्या दूध-पोळीवर पंधरा वर्षं जगला’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. मोत्या जगला, पण तो बाहेर काय काय खाऊन यायचा ते काकांना कुठे माहीत? आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या पोटातलं दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं, आणि वाटीभर दूध संध्याकाळपर्यंत फरशीवर दिसतं. वर पोळी म्हणजे निव्वळ पीठ. पोट भरतं, वाढीला लागणारी प्रथिनं भरत नाहीत.

घरचं शिजवलेलं वाईट असं मी म्हणत नाही. पण चिकन-भात म्हणजे संपूर्ण आहार नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. वाढत्या पिल्लाला घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून ग्रॅमच्या हिशेबात पाककृती घ्या. आणि कांदा-लसणाची आमटी, शिऱ्यातले मनुके, द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल यांतलं काहीही नको.

सुटं खाणं आणि बाल्कनीतली पिशवी

पोत्यातून किलोवर मिळणारं सुटं खाणं स्वस्त पडतं. ते पोतं कधी उघडलं, त्यावर कोणती तारीख होती, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. दाण्यांवरची चरबी हवा लागली की खवट होते आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी धरते. काही बुरशींचं विष यकृतावर जातं, आणि ते दाण्यांकडे पाहून ओळखू येत नाही.

शाकाहारी घरांतली एक खास अडचण: पिशवीत चिकन आहे म्हणून ती स्वयंपाकघरातून हद्दपार होते आणि बाल्कनीत जाते. तिथे ऊन. घरातल्या मोठ्यांशी तह करून जिन्याखाली, कपाटात, कुठेही गार-कोरडी जागा मिळवा. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बॅच नंबर पिशवीवर असतो आणि डब्याच्या तळाशी जुन्या दाण्यांचं तेल साठत नाही. उघडल्यावर सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी आणा, मग मोठीवर कितीही सूट असो.

‘एक वाटी’ म्हणजे किती?

वाटी घराघरांत वेगळी. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. हिशेबासाठी फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरतो. पिल्लू ५ किलोचं असेल तर ५ × ५ × ५ = १२५. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ३.३४ येतील. त्याला ७० ने गुणलं की सुमारे २३४ किलोकॅलरी, म्हणजे नुसतं पडून राहायला दिवसाला लागणारी ऊर्जा. चार महिन्यांच्या आत याच्या तिप्पट, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० किलोकॅलरी; पुढे दुपटीच्या आसपास. खाण्याच्या किलोत ३,८०० किलोकॅलरी असतील तर दिवसाचे साधारण १८५ ग्रॅम झाले. लहान पिल्लाला ते चार वेळांत वाटून द्यायचे.

यातून किमतीचाही घोळ सुटतो. समजा एक खाणं ६०० रुपये किलो, ३,९०० किलोकॅलरीचं, आणि दुसरं ५५० रुपये, ३,४०० चं. सातशे किलोकॅलरीसाठी पहिलं १०८ रुपयांना पडतं, दुसरं ११३ ला.

आकडा ही फक्त सुरुवात. दर आठवड्याला वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा. आपल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवताना हाडं लागतात, तशा लागल्या तर ठीक. शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करा. गुबगुबीत लॅब्रेडॉर फोटोत छान दिसतो, पण ते वजन त्याच्या कोवळ्या सांध्यांवर पडतं.

बिघडलंच तर

शी पातळ झाली की लोक आधी ब्रँड बदलतात. चार दिवसांत तीन ब्रँड, मग पोट स्थिरावणार कसं? पिल्लू जिथून आणलं तिथलंच खाणं पहिले काही दिवस चालू ठेवा आणि नवं सात ते दहा दिवसांत वाढवत न्या: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. जंताचं औषध कधी झालं तेही बघा, कारण दोष खाण्याला आणि जंत मजेत, असं फार वेळा होतं. उलट्या, रक्त, ताप किंवा मरगळ असेल तर खाण्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार वाट पाहत नाही, विशेषतः लस पुरी झाली नसेल तर.

आणि ‘खातच नाही’ ही तक्रार. आमच्याकडे पिल्लाने एकदा वाडगा सोडला, आईंनी तूप घातलं. दुसऱ्या दिवशी तूप आणि अंडं. आठवड्याभरात ते वाडग्याशेजारी बसून स्वयंपाकघराकडे बघायला लागलं. मग नियम केला: वीस मिनिटं वाडगा खाली, नंतर उचलायचा, पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने कोरडे दाणे चाटूनपुसून खाल्ले. हा नियम खेळत्या, तरतरीत पिल्लालाच लावायचा. अगदी लहान किंवा छोट्या जातीच्या पिल्लाची रक्तातली साखर उपाशीपोटी पटकन घसरते. ते दोन वेळा जेवलं नाही, किंवा डळमळायला लागलं, तर हट्ट समजून थांबू नका, डॉक्टरांना फोन करा.