टू-डी एकोच्या रिपोर्टात हृदयाची उजवी बाजू कशी वाचावी

टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला की घरातल्या सगळ्यांची नजर आधी ईएफच्या (दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं त्या) आकड्यावर जाते. साठ आहे म्हटलं की जीव भांड्यात पडतो. पण तो आकडा फक्त डाव्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या खालच्या कप्प्याचा. अंगभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलणारी उजवी जवनिका त्याच कागदावर दोन-चार ओळींत उरकलेली असते, आणि त्या ओळींकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं. आपल्याला नेमका प्रश्न विचारता आला तरी पुष्कळ.

वाचायला बसण्याआधी एवढं लक्षात घ्या. दोन्ही जवनिका मिनिटाला जवळपास सारखंच रक्त पुढे पाठवतात, स्वस्थ बसलेलं असताना साधारण ५ लिटर. डावीला त्यासाठी १२० च्या आसपास दाब (बीपीच्याच एककात) लावावा लागतो, उजवीचं २५ च्या आसपास भागतं, कारण निरोगी फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या मऊ आणि ऐसपैस असतात. म्हणून उजवीची भिंत पातळ. जास्तीचं रक्त आलं तरी ती बरंचसं सामावून घेते. समोरून दाब वाढला की मात्र लवकर थकते.

पायरी १ : आकार. ‘आरए’ (उजवी कर्णिका, म्हणजे वरचा कप्पा) आणि ‘आरव्ही’ (उजवी जवनिका) या अक्षरांपुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय की ‘डायलेटेड’, ते बघा. या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेजवळ मोजलेली उजव्या जवनिकेची रुंदी ४१ मिलिमीटरपर्यंत आणि भिंतीची जाडी ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक. कप्पा पसरला असेल किंवा भिंत जाड झाली असेल, तर ताण बरेच दिवसांचा असू शकतो.

पायरी २ : टॅप्सी. उजवीचा ईएफ साध्या एकोवर नीट काढता येत नाही. तिचा आकार समोरून त्रिकोणी, आडवा कापला तर चंद्रकोरीसारखा. सूत्रात बसवायला अवघड. पण तिचे बरेचसे स्नायुतंतू उभे धावतात, त्यामुळे ती आकुंचन पावताना ट्रायकस्पिड झडपेची कडा खाली, हृदयाच्या टोकाकडे ओढली जाते. ती किती सरकली हे मोजायचं, तेच टॅप्सी. १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पंपिंग ठीक धरतात. काही ठिकाणी हाच आकडा सेंटिमीटरमध्ये असतो, १.९ वाचून घाबरू नका, ते १९ मिलिमीटर आहेत. बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर मात्र हा आकडा कमी दिसतो आणि तरी एकूण पंपिंग बरं असू शकतं, म्हणून ऑपरेशन झालं असेल तर एको करणाऱ्याला आधीच सांगा.

पायरी ३ : टीआर आणि दाब. ‘ट्रिव्हियल टीआर’ किंवा ‘माइल्ड टीआर’ वाचून लोक हबकतात. टीआर म्हणजे ट्रायकस्पिड झडपेतून होणारी उलटी गळती. थोडी गळती धडधाकट माणसांतही आढळते, आणि डॉक्टरांना तिचा उपयोगच होतो. गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजायचा, त्याचा वर्ग करून चारने गुणायचं आणि उजव्या कर्णिकेतला दाब मिळवायचा. वेग सेकंदाला २.५ मीटर असेल तर २५, अधिक ३, म्हणजे २८. हाच ‘आरव्हीएसपी’, म्हणजे आकुंचनावेळचा उजव्या जवनिकेतला दाब. साधारण ३५ पर्यंत सहसा चिंता नसते. पन्नास-साठ दिसला तर ‘का वाढला?’ हे विचाराच. बहुतेकदा मूळ डाव्या बाजूला सापडतं: दुबळी किंवा ताठरलेली डावी जवनिका, नाहीतर आपल्याकडे अजून दिसणारी, संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल (डाव्या कप्प्यांमधली) झडप. शिवाय वर्षानुवर्षांची बिडी, चुलीचा धूर, फुप्फुसात अडकलेली गुठळी. हा आकडा अंदाजाचा असतो. खात्री हवी असेल तर कॅथेटर घालूनच दाब मोजतात.

उजव्या जवनिकेकडे दुर्लक्ष होण्यामागे जुना इतिहासही आहे. १९४३ साली अमेरिकेत आयझॅक स्टार आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या जवनिकेची भिंत डागून निकामी केली, तरी शिरांमधला दाब फारसा चढला नाही. मग ती नुसती नळी आहे अशी समजूत बरीच वर्षं टिकली. त्या कुत्र्यांच्या फुप्फुसांतला दाब मुळात नॉर्मल होता, हे त्यात निसटलं.

पायरी ४ : आयव्हीसी. पोटाकडून हृदयात येणारी ही मोठी शीर. २.१ सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि श्वास आत ओढताना निम्म्याहून जास्त मिटणारी असेल तर मागे रक्त तुंबलेलं नाही.

पायरी ५ : माणसाकडे बघा. रिपोर्ट बाजूला ठेवून नडगीवर दहा-पंधरा सेकंद अंगठा दाबा. खळगा राहिला तर ती पाणी साचल्याची सूज. मूत्रपिंड, यकृत, पायातल्या शिरा किंवा बीपीच्या काही गोळ्यांनीही ती येते, पण फुगलेली आयव्हीसी, मानेची तट्ट शीर आणि उजव्या बरगडीखालचा जडपणा सोबत असेल तर उजवी बाजू थकल्याची शंका घ्यावी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर मात्र थेट इस्पितळ गाठा.

तपासणीला जाताना जुने एकोही फाइलमध्ये लावा. आजची १८ ची टॅप्सी मागच्या वर्षी २४ होती, हे नव्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.