पहिल्यांदा थेरपिस्टकडे जाताना: पुण्यात समुपदेशन कसं सुरू करावं

समुपदेशन या शब्दातच ‘उपदेश’ बसलाय, तिथूनच घोळ सुरू होतो. मीही तसाच गेलो होतो. समोरचा माणूस सांगणार, आपण ऐकणार, आणि बरं वाटणार. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर सात-आठ महिने मला पहाटे तीनला जाग यायची, ती सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. पहिल्या ठिकाणी मला खरोखरच उपदेश मिळाला. वीस मिनिटांत “कामात मन रमवा, पहाटे उठताच आहात तर फिरायला जा” एवढं सांगून पुढच्या माणसाला आत बोलावलं. याला समुपदेशन म्हणत असतील तर ते आपल्या कामाचं नाही, असं मी ठरवलं आणि दीड वर्ष कुठेच गेलो नाही. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिक्षण घेतलेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तिघांपैकी औषध फक्त तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. चाचण्या, निदान आणि बोलून करायचे उपचार हे त्यांचं क्षेत्र. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि त्यांचं नाव परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतं. समुपदेशक हा शब्द मात्र पाटीवर कोणीही लिहितो. चार महिन्यांचा कोर्स केलेलाही लिहितो आणि मानसशास्त्रात एम. ए. करून वर्षानुवर्षं मन लावून काम केलेली व्यक्तीही लिहिते. म्हणून शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करता, तुमच्या कामावर कोणी वरिष्ठ मार्गदर्शन करतात का, हे सरळ विचारा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडे जाऊ नका.

दिवसेंदिवस अंथरुणातून उठवत नाही, जेवण तुटलंय, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, अशा वेळी आधी डॉक्टरांनाच गाठा. जीव नकोसा झाला असेल तर पुढच्या गुरुवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मेसेज कसा करायचा

बरेच थेरपिस्ट सेशनमध्ये असताना फोन उचलत नाहीत, त्यामुळे व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिणं सोपं. सगळी कहाणी लिहू नका. मी लिहिलं होतं: “नमस्कार. मी ४४ वर्षांचा आहे. बरेच दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते. समुपदेशन सुरू करायचं आहे. फी किती, वेळ किती, आणि मराठीतून बोलता येईल का, कळवाल का?” हे टाइप करून मी दोन दिवस पाठवलं नव्हतं. तुमचंही तसं झालं तर त्यात काही विशेष नाही.

भाषेचा प्रश्न मी मुद्दाम विचारला. पुण्यात अनेक थेरपिस्टचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असतं, आणि आपणही ऑफिसच्या सवयीने ‘हर्ट’ झालो म्हणून मोकळे होतो. पण वाईट वाटणं वेगळं, मनाला लागणं वेगळं, जिव्हारी लागणं त्याहून वेगळं, आणि नुसतं हिरमुसणं अजून वेगळं. थेरपीत नेमका हा फरकच कामाला येतो. ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता, त्या भाषेत बोलता आलं पाहिजे.

पैशांचं आधी बोलून घ्या

खासगी थेरपिस्टकडे पुण्यात एका सेशनचे साधारण आठशे ते अडीच हजार रुपये होतात. सेशन पाऊण तास ते तासाभराचं असतं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा जावं लागतं, म्हणजे महिन्याची चार सेशन्स धरून हिशोब करा. परवडत नसेल तर तसं सांगा, काही जण ठरावीक जागा कमी फीसाठी ठेवतात. ससूनच्या मानसोपचार ओपीडीत आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत अगदी कमी खर्चात डॉक्टरांना दाखवता येतं, फक्त गर्दीची तयारी ठेवा. हिंजवडी-खराडीच्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सेशन्स मोफत देतात. एचआरच्या जुन्या मेलमध्ये ती माहिती दडलेली असते, ती शोधा.

मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो. पण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, त्यामुळे समुपदेशनाची फी खिशातूनच जाईल असं धरून चाला.

सेशन रद्द करण्याचा नियमही विचारून ठेवा. एक दिवस आधी कळवलं नाही तर बहुतेक ठिकाणी पूर्ण फी द्यावी लागते. त्यांनी तो तास फक्त तुमच्यासाठी राखलेला असतो, त्यामुळे मला तरी हे रास्त वाटतं.

घरी काय सांगायचं

“कुठे निघालास?” या प्रश्नाला उत्तर हवंच. बायकोला मी खरं सांगितलं. आईला म्हणालो, “झोपेचं बघायला डॉक्टरकडे जातोय.” सगळ्यांना सगळं सांगण्याची सक्ती नाही. निदान एका माणसाला माहीत असावं, एवढंच मी म्हणेन. ऑनलाइन सेशन घेणार असाल तर जागेचा विचार आधी करा. दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे टीव्ही चालू असताना, घरातल्या माणसांबद्दल बोलता येत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन घेते आणि तिचं छान चाललंय.

पहिल्या दिवशी काय होतं

मी गेलो तो एरंडवण्यातल्या जुन्या सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट होता. चपला बाहेर, आत दोन खुर्च्या समोरासमोर पण जरा तिरक्या, मधल्या स्टुलावर पाण्याचं भांडं आणि टिश्यूंचा डबा. घड्याळ माझ्या पाठीमागे, म्हणजे थेरपिस्ट बाईंना दिसेल असं. वेटिंगमध्ये कोणी भेटेल ही धास्ती फुकट गेली, कारण दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये पंधरा मिनिटं सोडलेली होती.

आधी संमतीपत्रक येतं. ते वाचा, नुसती सही ठोकू नका. त्यात गोपनीयतेबद्दल लिहिलेलं असतं. २०१७ च्या कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, पण या हक्काला मर्यादा आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने माहिती मागितली असेल, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली असेल तर थेरपिस्टला गप्प बसता येत नाही. पोक्सो कायद्यानुसार असा अत्याचार कळवणं बंधनकारकच आहे. तुमच्या बायकोने किंवा बॉसने फोन करून विचारलं, तर मात्र तुमच्या परवानगीशिवाय थेरपिस्टने काही सांगता कामा नये.

मग प्रश्न सुरू होतात. झोप, भूक, जुने आजार, चालू गोळ्या, दारू-सिगारेट, घरी कोण कोण. कधीकधी एक फॉर्म देतात, त्यात गेल्या दोन आठवड्यांतल्या त्रासाबद्दल नऊ प्रश्न असतात आणि शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. मला थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच गळून जातो. “मरून जावं असं कधी वाटलं का?” असंही विचारतील. दचकू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते.

माझी पहिली वीस मिनिटं सोसायटीच्या पाण्याच्या मोटरच्या भांडणात गेली. बाईंनी अडवलं नाही. मग त्यांनी विचारलं, “वडिलांना तुम्ही काय म्हणायचात?” मी “अण्णा” म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. हा शब्द मी कित्येक महिन्यांत मोठ्याने उच्चारला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, पाण्याचं भांडं थोडं पुढे सरकवलं. ती शांतता मला फार लांब वाटली. तुमच्याही वाट्याला अशी शांतता येईल. ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही.

सेशननंतर अंग पिळून काढल्यासारखा थकवा येतो. लगेच मीटिंग लावू नका, अर्धा तास मोकळा ठेवा. मी म्हात्रे पुलापर्यंत चालत जायचो, मग रिक्षा करायचो.

पुढची तीन-चार सेशन्स

इथेच बरेच जण सोडतात. पहिल्या सेशनला हलकं वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्याला जुनं वर आल्याने उलट जड वाटतं. असं होतं. घरी करायला कामही मिळतं. आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती बरीच वापरली जाते. ती अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडली. तिच्यात घटना, त्या घटनेबद्दल मनात आलेला विचार आणि मग उमटलेली भावना हे वेगवेगळं लिहून काढायचं असतं. “मी वेळेवर हॉस्पिटलात न्यायला हवं होतं, म्हणजे मीच जबाबदार” हे वाक्य मी वहीत पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा ते माझ्या मनात इतके महिने घोळतंय हे मला दिसलं.

तीन-चार सेशन्सनंतर स्वतःला विचारा: मला इथे खरं बोलता येतंय का? नसेल तर थेरपिस्टलाच तसं सांगा. जमत नसेल तर दुसऱ्या कोणाकडे जा, यात कोणाचा अपमान नाही. काही गोष्टी मात्र दिसल्या तर लगेच उठा: “सहा सेशन्समध्ये शंभर टक्के बरं करतो” अशी हमी, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं, पत्रिका-शांतीचा सल्ला, डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणं, सेशनबाहेर भेटायचा आग्रह, नको असलेला स्पर्श.

थांबायचं कसं

मेसेजला उत्तर न देता गायब होऊ नका. एक सेशन शेवटचं म्हणून ठरवून घ्या, त्यात काय बदललं आणि काय राहिलं ते बोला. माझं तीन महिने दर आठवड्याला चाललं, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. तीनची जाग अजूनही कधीकधी येते, पण आता उठून पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या आधी मात्र परत अवघड झालं होतं. तेव्हा नव्याने सगळं सांगायची गरज पडली नाही, “पुन्हा वेळ मिळेल का?” एवढा मेसेज पुरला.