वर्गणीची तयारी जूनमध्येच

वह्यांना कव्हरं घालायला बसाल, त्याच संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा आणि वर्षभरात कोण कोण पैसे मागणार ते पेन्सिलीने लिहून काढा. दहीहंडी, गणपती, नवरात्र, ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन, स्नेहसंमेलनाच्या आगेमागे आनंद मेळ्याची कुपनं, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल. स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ शाळा सांगेल तेव्हा. शिवाय कुठल्याशा संस्थेची माणसं वर्गात येऊन देणगीची कार्डं वाटून जातात, त्यांची तारीख कुठेच छापलेली नसते. त्यांच्यासाठी दोन जागा मोकळ्या सोडा.

मग वर्षाचा एकच आकडा ठरवा, नवराबायको दोघांनी मिळून. आमच्याकडे हे ठरलं नव्हतं तेव्हा एकाच मंडळाला मी सकाळी दिले आणि नवऱ्याने संध्याकाळी पार्किंगमध्ये पुन्हा दिले. पावत्या दोन, गणपती एकच. आकडा ठरला की तो यादीत वाटून टाका. ध्वजदिनाचा पैसा माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी जातो, १९४९पासून ही प्रथा आहे. तिथे मी हात आखडत नाही. डीजेसाठी आखडते.

सुट्टे पैसे हा या तयारीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. दहा, वीस, पन्नासच्या नोटा एका डब्यात घालून डबा शू-रॅकवर ठेवा. पाचशेची नोट दाखवून ‘सुट्टे आहेत का?’ विचारलंत की गेलीच ती नोट.

आता ते कार्ड. वीस ओळी, नाव, रक्कम, सही. पहिल्या ओळीत बाबा ऐटीत ‘१००’ लिहितात आणि तिथेच फसतात, कारण पुढे आजी, मावशी, खालचे काका सगळे तो आकडा बघूनच पाकीट उघडतात आणि मनात आपल्याला नावं ठेवतात. पहिल्या ओळीत वीस रुपये लिहा. पाच ओळी भरल्या की कार्ड परत पाठवा, उरलेल्या पंधरा स्वतःच्याच अक्षरात भरू नका. मी भरल्या आहेत, वेगवेगळ्या पेनांनी. ऑफिसात कार्ड नेऊ नका. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलांची कार्डं आपल्या टेबलावर येतात. आणि मुलाला अनोळखी दारांवर एकटं पाठवायचं नाही, बक्षीस म्हणून बिल्ला मिळणार असला तरी.

खऱ्या कमाईचं मात्र मुलांनाच करू द्या. नावातच आहे, कष्ट करून कमवायचं. थोरलीने एका रविवारी सोसायटीच्या गेटपाशी भेळेचा स्टॉल लावला होता. कुरमुरे, फरसाण, कांदा, चिंचेचं पाणी या सगळ्याचा खर्च तिला आधी वहीत लिहायला लावला. दुपारपर्यंत कुरमुरे सादळले आणि शेवटच्या काही प्लेटा आम्हीच विकत घेऊन खाल्ल्या. तरी हातात उरलेले १३० रुपये तिने तीनदा मोजले.

पावतीशिवाय पैसे देऊ नका. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. पोरं ओळखीची असली तरी हसत हसत विचारायला हरकत नाही. मोठी देणगी देऊन करात सवलत घ्यायची असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळतच नाही, तेव्हा आधी आपली प्रणाली कुठली ते बघा.

शेवटी नकाराचं वाक्य घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या: ‘आमचं यंदाचं देऊन झालं, पुढच्या वर्षी नक्की.’ सबबी सांगायच्या नाहीत, सबबीवर चर्चा सुरू होते. आमच्या धाकट्याने ते इतकं पाठ केलं की सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही दारातूनच ऐकवलं. त्याला जिन्यातून परत बोलवायला मला अनवाणी धावावं लागलं.