ड्राय सम्प बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी

ड्राय सम्प प्रणालीत ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये न साठता वेगळ्या टाकीत साठते; पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचा एक कप्पा ते दाबाने बेअरिंगकडे पाठवतो, तर उरलेले कप्पे खाली उतरलेले ऑइल फेसासकट ओढून टाकीत परत नेतात. टाकी शक्यतो पंपापेक्षा उंचावर ठेवावी आणि तिथून पंपाकडे येणारी नळी जाड, आखूड व तीव्र वळण नसलेली असावी. नळी कापताना आत राहिलेला रबराचा किंवा तारेचा कण फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधीच पंपात शिरू शकतो, म्हणून जोडणीपूर्वी प्रत्येक नळी आतून धुऊन घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. नंतर पट्टा उतरवून ड्रिलच्या साहाय्याने पंप त्याच्या नेहमीच्याच दिशेने फिरवावा आणि गेजवर दाब स्थिर दिसेपर्यंत थांबू नये. इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत दाब आला नाही, तर ते तत्काळ बंद करावे. टाकीतील पातळी मात्र इंजिन तापलेले व चालू असतानाच मोजावी, कारण बंद इंजिनात टाकीतील ऑइल हळूहळू खाली झिरपते आणि पातळी कमी भासल्याने विनाकारण जास्त ओतले जाते. एअर-कूल्ड पोर्शे ९११ची पातळीही अशीच, सपाट जागी उभी करून तपासतात.