फायनान्सवाल्यानं अकाउंट्सच्या लाइनीत कसं यायचं

बीबीए नाहीतर एमबीए फायनान्स करून आपल्याकडचे पोट्टे गावी परत येतात आणि मग हाती लागते ती मायक्रोफायनान्सची वसुली, नाहीतर विम्याचं टार्गेट. ते जमत असेल तर ठीक आहे बाप्पा, पण हिशोबाच्या कामाकडे वळायचं असेल तर लगेच दुसऱ्या डिग्रीची फी भरू नका. बॅलन्स शीट वाचता येतेच तुम्हाला, ती बिलापासून बनवायची कशी तेवढं राहिलं आहे, आणि ते तालुक्याच्या गावी बसूनही शिकता येते.

१. डेबिट-क्रेडिट पक्कं करा
एनपीव्ही, बीटा वगैरे गुंतवणुकीची गणितं काही दिवस बाजूला ठेवा. बारावी कॉमर्सचं बुककीपिंगचं पुस्तक कोणाकडून तरी आणा अन् जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, घसारा हातानं कागदावर करा. लाज काहून वाटावी? बँक रिकोवर, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट अन् आपल्या नोंदी जुळवण्यावर, जरा जास्त वेळ द्या, नवीन माणूस आला की ऑफिसात पहिले तेच काम त्याच्या गळ्यात मारतात.

२. टॅली
टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरून उतरवा, एज्युकेशन मोडमध्ये लायसन्सशिवाय फुकट चालते. फक्त त्यात व्हाउचरची, म्हणजे नोंदीची, तारीख १, २ नाहीतर ३१ एवढीच घेते, ५ तारखेचं बिल टाकायला गेलं की जात नाही अन् पोरं म्हणतात सॉफ्टवेअरच खराब आहे. सरावाला सगळं १ तारखेला टाका, काही बिघडत नाही.

क्लास लावला तरी चालते, पण तिथली बिलं बनावट असतात. त्यापेक्षा मामाचं, काकाचं कृषी केंद्र असेल तर त्याची महिनाभराची खरी बिलं मागून घ्या. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८, आणि गिऱ्हाईक तर तिन्ही एकदमच उचलते. एवढं बरोबर बसवता आलं की निम्मं जीएसटी आलं समजा.

३. आपल्या भागातला धंदा समजून घ्या
माझ्या मते खरी किंमत याचीच आहे. अकोल्यात दालमिल, गोंदियात राइस मिल, आणि यवतमाळ-वर्धेकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने. जिनिंगचंच घ्या. कास्तकाराची गाडी काट्यावर चढते, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक तो कापूस, त्यावरून पट्टी, म्हणजे कास्तकाराच्या मालाचा हिशोब, बनते. आता कास्तकार काही जीएसटी नंबर घेऊन येत नाही, म्हणून त्या कापसावरचा ५ टक्के टॅक्स जिनिंगवाल्यालाच भरावा लागते, याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. १ लाखाचा कापूस घेतला तर ५ हजार टॅक्स, तोही जीएसटी खात्यातल्या रोखीच्या लेजरमधून, जमा असलेलं क्रेडिट (आधीच्या खरेदीवर भरलेला टॅक्स) तिथं वापरता येत नाही, खरेदीचं बिलही स्वतःच स्वतःच्या नावानं बनवायचं, आणि मग तेच ५ हजार क्रेडिट म्हणून परत घ्यायचे. हाच कापूस नोंदणीवाल्या व्यापाऱ्याकडून घेतला तर मात्र टॅक्स त्याच्या बिलात लागून येते. या दोन्हीच्या एंट्र्या इंटरव्ह्यूत पटकन लिहून दाखवल्या तर समोरचा मार्कशीट पाहत बसणार नाही.

४. सीएच्या नाहीतर टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात घुसा
पगार कमी मिळेल, आधीच सांगतो. पण एकाच टेबलावर किराणावाला, ठेकेदार, पतसंस्था, सगळ्यांच्या फाइली हाताखालून जातात. ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) भरणं, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, असा महिना चालतो. वर्षभर टिका, एक मार्च एंडिंग आणि एक ऑडिटचा सीझन पाहूनच बाहेर पडा. रिझ्युमेत 'फायनान्शियल ॲनालिसिस' लिहू नका, किती पार्ट्यांची रिटर्नं बनवली, रिको केली, स्टॉक जुळवला ते लिहा.

५. सीए करायचं का?
हे वर्षभर काम केल्यावर ठरवा. कॉमर्स ग्रॅज्युएटला ५५ टक्के असतील, बाकीच्यांना ६०, तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएट या दुसऱ्या टप्प्याला नोंदणी होते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, आता २ वर्षांची आहे, पण नुसती नोकरी म्हणून ऑफिसात काढलेलं वर्ष त्यात धरत नाहीत, त्याची रीतसर नोंदणी वेगळी. घरी पैशाची घाई असेल तर सीएच्या मागं न लागता जिनिंग नाहीतर दालमिलमध्ये अकाउंटंट म्हणून लागा, आणि विचारायला जायचं ते दसऱ्याच्या आधी, सीझन सुरू झाला की मालकाला बोलायला फुरसत नसते.